नवाचा ताळा

चुकीचं पाठ केलेलं माणूस विसरत नाही, असं मी पस्तीस वर्षं कराडच्या पोरांना सांगत आले. बरोबर पाढा महिन्याभरात विसरेल, पण चुकीचा एकदा जिभेवर बसला की जन्मभर हलत नाही. शिकवणारीला हा नियम लागू नाही असं मला का वाटलं, देव जाणे.

मी वैजयंता थोरात. गणिताची शिक्षिका, आता निवृत्त. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे, सासरच्या माणसांनी ते मला कधी विसरू दिलेलं नाही. माझे यजमान जालिंदर थोरात. हे नाव गावात फार कुणाला माहीत नव्हतं, पण आवाज सगळ्यांना माहीत होता. एसटी स्टँडवर एकतीस वर्षं ‘चिपळूणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागली आहे’ असं सांगणारे ते हेच. घरीसुद्धा तीच तऱ्हा. पाटावर बसले की विचारायचे, “भाकरी फलाटावर लागली आहे काय? प्रवासी खोळंबलेत.” मी चिडायचे. आता वाटतं, कशाला चिडत होते मी?

सात वर्षांपूर्वी, २०३६च्या उन्हाळ्यात, ह्यांना मेंदूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ऐकलेलं बरंचसं कळायचं, पण बोलता येईना, लिहिता येईना. डॉक्टरांनी दोन बोटं दाखवायला सांगितली तर स्वतःच्या हाताकडे बघत ढसाढसा रडले. आकडा आणि शब्द आत कुठेतरी होते, बाहेर यायची वाट बंद झाली होती.

तेव्हा चिपा नुकत्याच निघाल्या होत्या. कवटीच्या आत एक पातळ पट्टी बसवतात. माणसाला बोलायचं असतं तेव्हा मेंदूत जी हालचाल होते ती पट्टी वाचते, त्यावरून शब्द ओळखते, आणि गळ्याशी लावलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून तो बोलते. पण दोन माणसांची हालचाल सारखी नसते. त्यामुळे चिपेला ते माणूस शिकावं लागतं, जसं आईला बाळाचं रडणं शिकावं लागतं. ह्यांना शिकायला तिला दोन वर्षं लागली. आवाज आम्ही स्टँडवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून काढून दिला होता. दोन वर्षांनी एका सकाळी स्पीकर खरखरला आणि ह्यांच्याच आवाजात म्हणाला, “वैजू, चहा.” मी चहा टाकायला म्हणून गेले आणि ओट्याला धरून रडले.

आता कुलपाचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

ह्यांना चिप बसवायच्या थोडं आधी कुठल्याशा देशात एका म्हाताऱ्याच्या चिपेत कुणी परकं शिरलं होतं. म्हातारा तोंड मिटून बसलेला, आणि त्याचा स्पीकर त्याच्याच आवाजात लेकीला शिव्या देत होता. जगभर बोभाटा झाला. फोनमध्ये, संगणकात, कागदावर ठेवलेली कुठलीही किल्ली चोरता येते, हे सिद्ध झालं होतं. म्हणून नियम आला, की चिपेची किल्ली फक्त माणसाच्या तोंडपाठ असेल. प्रत्येक रुग्णामागे दोन नातेवाईक, आणि दोघांना एकेक मूळ संख्या.

मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः, यांखेरीज कुणालाही भाग जाऊ न देणारी. सात, तेरा, सत्तेचाळीस. मला दिलेली संख्या तीनशे अंकी होती. दुसऱ्या नातेवाइकाला दिलेली तेवढीच लांब, पण वेगळी. दोन्हींचा गुणाकार केला की सहाशे अंकी आकडा येतो. तो दवाखान्याच्या कार्डावर उघड छापलेला असतो, कुणीही वाचावा. गंमत अशी, की सत्तेचाळीस गुणिले त्रेपन्न पाचवीचं पोर करतं. पण चोवीसशे एक्क्याण्णव कुणाचा गुणाकार, म्हटलं तर त्याला घाम फुटतो. सहाशे अंक असले की मोठमोठ्या यंत्रांना घाम फुटतो, विश्वाचं आयुष्य पुरत नाही. दोघांपैकी एकाची संख्या बरोबर आली की कुलूप उघडतं. एक विसरला तर दुसरा आहे, अशी सोय.

दुसऱ्या होत्या माझ्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, सुमनआक्का. राहायला तासगावला.

मी माझी संख्या तीस ओळींत बसवली, ओळीला दहा अंक. नियमाप्रमाणे मनात म्हणायची, पण मला मोठ्याने म्हटल्याशिवाय पाठ होत नाही. रोज सकाळी भाकऱ्या थापताना सगळ्या तीस ओळी म्हणायचे. हे शेजारच्या खोलीत खुर्चीवर ऐकत बसलेले असायचे. आणि शेवटी मी ताळा बघायचे. सगळे अंक मिळवायचे, आलेल्या बेरजेतले अंक पुन्हा मिळवायचे, एक अंक उरेपर्यंत. माझ्या संख्येचा ताळा सात. रोज सात यायचा. दरवर्षी दवाखान्यात येऊन संख्या तपासून घ्यावी, असं कार्डावर छापलेलं होतं. मी एकदाही गेले नाही. घरच्या घरी ताळा जुळत होता की!

वन्सं पण पाठ करायच्या. पहिल्याच वर्षी भाऊबिजेला आल्या होत्या, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलत पुटपुटत होत्या. मध्येच अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा अडखळल्या. माझं डोकं फिरलं. घरात पाहुणे होते, त्यांच्यादेखत मी म्हणाले, “राहू द्या वन्सं. सातवी नापास माणसाला तीनशे अंक झेपायचे नाहीत. मी आहे समर्थ.”

त्यांनी हातातली पाकळी ताटलीत ठेवली. ओवाळणी झाली आणि दुपारच्या गाडीने गेल्या. त्यानंतर आमच्या घराची पायरी त्या चढल्या नाहीत. ह्यांनी स्पीकरमधून दोनतीनदा विचारलं, “आक्का येत नाही?” मी म्हणायचे, “त्यांचे गुडघे दुखतात.”

यंदा जूनमध्ये चिपेचा सेल बदलायचा होता. सात वर्षांनी बदलावाच लागतो. सेल काढला की चिप झोपते आणि जागी होताना किल्ली मागते. पाच मिनिटांचं काम. जाताना रिक्षात हे म्हणाले, “कराड-दवाखाना गाडी सुटत आहे. वैजू, येताना जिलबी घे.” मी म्हटलं, “साखर बघा आधी.”

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. साखर बघा म्हणाले मी.

सेल बदलला. मला बंद खोलीत नेलं, मी यंत्रासमोर तीस ओळी म्हटल्या. एकदाही अडखळले नाही. दिवा तांबडा लागला. मला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. पुन्हा म्हटलं. तांबडा. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझ्या मानेवरून घामाची धार वाहत होती.

तिथली तंत्रज्ञ आफरीन मुल्ला. माझीच विद्यार्थिनी, आठवी ब, पहिल्या बाकावरची. तिने मला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

“बाई, आता नियम गेला खड्ड्यात. तुम्ही लिहून द्या. मी कार्डावरच्या आकड्याला भागून बघते. कुलूप उघडल्याशिवाय चिप नव्या सेलची वीज घेत नाही, आणि तिच्यात एकवीस दिवसांचाच राखीव साठा आहे. तोवर कुलूप उघडलं नाही तर ती शिकलेलं सगळं आपोआप पुसते. चोराच्या हाती लागू नये म्हणून.”

“पुसलं तर पुसलं. पुन्हा शिकेल की दोन वर्षांत!”

तिने मान खाली घातली. “नाही बाई. झटक्यानंतर पहिली दोन-तीन वर्षंच मेंदू नवीन वाट काढतो. आता सरांचं वय एकाहत्तर. आता शिकवायला गेलं तर मेंदूच साथ देणार नाही.”

मी लिहून दिलं. तिने भागलं. बाकी उरली, आडवीतिडवी, सहाशे अंकी आकड्याला शोभेल अशी. मग तिने एकेक अंक बदलून पाहिला. तीनशे जागा, प्रत्येक जागी नऊ पर्याय, सत्तावीसशे वेळा. यंत्राला डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढाच वेळ. नाही. दोन अंक बदलून पाहिले. नाही. तीन अंक बदलायचे तर तीनशे कोटींवर पर्याय, तेही यंत्राने पार पाडले. नाही. चार म्हटलं की आकडा दोन लाख कोटींवर गेला, आणि माझ्या चुका चारच आहेत हे सांगणार कोण?

मी म्हटलं, “अगं, पण जवळपास तरी असेल ना?”

“बाई, मूळ संख्येला जवळपास नसतं. एक अंक चुकला काय नि सगळे चुकले काय, बाकी तेवढीच निरर्थक. तिच्या जवळ आलोय की लांब गेलोय, काही कळत नाही.”

“पण ताळा जुळतो माझा! सात येतो!”

तिने माझा कागद माझ्यासमोर सरकवला. मग हळूच म्हणाली, “बाई, तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला. पाच हजार दोनशे त्र्याहत्तर आणि पाच हजार दोनशे सदतीस. दोन्हींचा ताळा आठ. अंकांनी जागा बदलल्या तर ताळ्याला कळत नाही. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण जुळला म्हणजे बरोबरच असं नाही. फळ्यावर चौकट करून लिहिलं होतं तुम्ही.”

लिहिलं होतं. दरवर्षी लिहायचे. बेरीज बघितली की जागा बघायच्या नाहीत, हा आळस मी पोरांना कधी करू दिला नाही. स्वतः सात वर्षं तोच केला.

घरी आलो. हे खुर्चीत बसून गळ्याशी हात नेत होते, बटण दाबून बघत होते. माझ्याकडे बघत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन ओळी जुळवत बसले. पंधरा दिवस मी तेच केलं. वह्याच्या वह्या भरल्या. परदेशात आता सहाशे अंकी कुलपंही फोडणारी, अगदी वेगळ्या जातीची चार यंत्रं आहेत म्हणे, सगळी सरकारांची. तिकडे अर्ज केला. पोच आली.

आफरीन रोज विचारायची, “दुसऱ्या नातेवाईक?”

“त्यांनी केव्हाच सोडलं,” मी म्हणायचे. त्यांना विचारलं होतं का, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला तासगावला जायची लाज वाटत होती. त्या लाजेपायी मी पंधरा दिवस घालवले.

सोळाव्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले. वन्सं ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले. मी चप्पल काढली, पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला उठवलं नाही की ढकललं नाही.

“सगळ्या तीस ओळी येत होत्या गं मला,” त्या म्हणाल्या. “तुझ्या घरी अडखळले, कारण तू समोर होतीस. तू उभी राहिलीस की मला शाळेत उभी केल्यासारखं व्हायचं. तू तसं बोललीस आणि मीच म्हटलं, खरंच आहे, आपल्याला काय कळतंय. सोडून दिलं.”

“काहीच आठवत नाही?”

“पहिल्या चार ओळी येतात. शेंगा फोडताना तोंडात येतात अजून.” आणि त्यांनी म्हटल्या. सुरात, ओव्या म्हणाव्यात तशा. चाळीस अंक. मी पदरात तोंड खुपसलं.

आफरीनला तिथूनच फोनवर सांगितलं. गुणाकार माहीत आहे आणि एका संख्येची सुरुवात माहीत आहे, तर भागाकाराने दुसरीची सुरुवात काढता येते. शेपूट नाही, पण तोंड दिसतं. तिने काढलं आणि तिचा आवाज चढला. “बाई! तुमच्या पहिल्या दोन ओळी बरोब्बर आहेत. तिसरी आणि चौथी उलटसुलट झाल्यात! तिसरी चौथ्या जागी गेलीय!”

मी फोन कानाचा काढला. तिसरी, चौथ्या जागी.

असंच एकदा कुणीतरी म्हटलं होतं. चार वर्षांपूर्वीची सकाळ असेल. मी भाकरी थापत ओळी म्हणत होते आणि शेजारच्या खोलीतून स्पीकर म्हणाला होता, “तिसरी गाडी चौथ्या फलाटावर लागली आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी.” मला वाटलं, यांची नेहमीची थट्टा. मी उलथणं आपटून ओरडले होते, “तुम्ही गप्प बसा हो! माझा ताळा जुळतो!”

ते गप्प बसले. त्यानंतर माझ्या संख्येबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

म्हणजे ह्यांना येत होती. रोज ऐकून ऐकून, मी बरोबर म्हणत होते तेव्हापासूनची, सगळी संख्या ह्यांच्या डोक्यात होती. आणि ती बाहेर काढायची चिप त्याच संख्येने बंद होती.

वन्सं माझ्याबरोबर कराडला आल्या. सात वर्षांनी पायरी चढल्या. भावाने त्यांना बघितलं, डावा हात पुढे केला, आणि तोंडातून नुसतं “आ, आ” आलं. वन्संनी तो हात गालाला लावून धरला.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. “अहो, मी म्हणते. चुकलं की बोट उचला.” पहिली ओळ, दुसरी. मुद्दाम माझी जुनी, चुकीची तिसरी म्हटली. तिसऱ्याच अंकाला डाव्या हाताची तर्जनी उठली. आकडा त्यांना सांगता येत नव्हता, दाखवता येत नव्हता, पण ओळखीच्या गाण्यात चूक झाली की कळावी तसं कळत होतं. मी ओरडलेच, “वन्सं, येतंय! ह्यांना येतंय!”

पाच दिवस उरले होते. ओळ म्हणायची, बोट उठलं की तिथल्या अंकांच्या जागा बदलून पुन्हा म्हणायची, बोट खाली राहीपर्यंत. आठव्या ओळीत दोन अंक फिरले होते. अकराव्या ओळीत चार. पण आजारी माणूस ते, दहा मिनिटांत थकायचे. डोळे मिटायचे. कधी बोट उठायचं ते पाणी हवं म्हणून, आणि मी बरोबर ओळ मोडून ठेवायचे. एकदा मी चिडून म्हटलं, “नीट लक्ष द्या ना!” वन्संनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी जीभ चावली.

एकविसाव्या दिवशी दुपारी आम्ही तेविसाव्या ओळीवर होतो. हे खुर्चीत घोरत होते. मी त्यांना हलवलं, डोळ्यांना पाणी लावलं, हात जोडले. बोट उठलं, पडलं, पुन्हा उठलं. कशासाठी, कळेना. पाच वाजता आफरीनचा फोन आला.

“बाई,” ती म्हणाली. पुन्हा एकदा “बाई” म्हणाली. मग म्हणाली, “पुसली.”

तुम्हाला वाटेल, आम्ही तिथे थांबलो. नाही थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि ह्यांनी खुर्चीच्या दांड्यावर बोट वाजवायला सुरुवात केली. टकटक, टकटक. मला बोलावत होते. चिप रिकामी झाली, हे त्यांना कसं समजावणार? कदाचित समजलंही असेल. वन्सं म्हणाल्या, “म्हण गं. त्याला म्हणायचंय.” मग आठ दिवस रोज थोडं थोडं पुढे गेलो.

आठव्या दिवशी तिसावी ओळ संपली. बोट उठलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत म्हटलं. बोट दांड्यावर स्वस्थ पडून होतं, आणि ह्यांचे डोळे उघडे होते.

आफरीन संध्याकाळी घरी आली, आपलं यंत्र घेऊन. मी सांगत गेले, तिने आकडे टाकले, कार्डावरच्या सहाशे अंकी आकड्याला भागलं. भाग निःशेष गेला. माझी संख्या बरोबर, आणि भागाकारात वन्संची संख्याही आली, पूर्ण तीस ओळी. तिच्या पहिल्या चार ओळी वन्सं पडद्याकडे न बघता म्हणत होत्या. आफरीन ओढणीत तोंड लपवून रडली. जगातलं एक न फुटणारं कुलूप आम्ही तिघांनी फोडलं होतं, आणि आत काही नव्हतं.

मी ह्यांच्यापाशी जाऊन बसले. म्हटलं, “अहो, जुळली. तुमचं बरोबर होतं. तेव्हाच ऐकायला हवं होतं मी.” ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. ह्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत आहे, स्टँडवरच्या आवाजात, ‘गाडी आठ दिवस उशिराने धावत आहे’ असलंच काहीतरी. मी खूप वेळ थांबले. “आ” एवढंच आलं.

याला आता चार महिने झाले. वन्सं इथेच राहतात. मी रोज सकाळी भाकऱ्या थापताना संख्या म्हणते. तिचा आता कुणाला उपयोग नाही. पहिले काही दिवस बरोबर म्हणत होते. बरोबर म्हटली की हे नुसते बसून राहतात, भिंतीकडे बघत. तीस ओळी संपतात आणि घर चिडीचूप होतं.

म्हणून मी आता रोज तिसरी ओळ चुकवते. मुद्दाम, चौथीच्या जागी टाकते. तिसऱ्या अंकाला शेजारच्या खोलीत टक्कन बोट वाजतं.

“हो हो,” मी म्हणते, “बरोबर आहे तुमचं.” आणि तव्यावरची भाकरी उलटते.